शेवटच्या ट्रेलरवरचं गवत

चोवीस डिसेंबरच्या सकाळी माझ्या नवऱ्याने ट्रॅक्टर तीनदा धुतला. पहिल्यांदा धुतला तेव्हा मला बरंच वाटलं. दुसऱ्यांदा धुतला तेव्हा मी खिडकीतून ओरडले, की आता रंग जाईल त्याचा. तिसऱ्यांदा तो बादलीत धुण्याचा सोडा कालवून चाकांच्या खाचाखाचांतून ब्रश फिरवायला लागला, तेव्हा मात्र मी खिडकी लावून घेतली. एकोणीस वर्षं संसार केलाय मी फेलिमबरोबर. हा माणूस जेवलेलं ताट उचलत नाही, चिखलाचे बूट दारात न काढता थेट स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन काढतो. त्याला स्वच्छतेचा असा पुळका आला, म्हणजे कारण साधं नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं. सहाला धारा काढायला गेलो तेव्हा मॉड उठून उभी राहिली नव्हती. मॉड आमची सगळ्यात गरीब गाय, गाभण, म्हणून आठवडाभर तिला कळपातून काढून गवताच्या शेडमध्ये वेगळी बांधली होती. फेलिमने तिला ढोसून उठवलं तर ती पुढचा डावा पाय टेकवेना. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि ती सारखी ओठांची मचमच करत होती, गरम घास तोंडात अडकल्यासारखी. फेलिमने तिचा जबडा उघडला, विजेरी आत धरली, दोन क्षण पाहिलं आणि जबडा मिटला.

"काटा टोचलाय," तो म्हणाला.

"हिवाळ्यात काटा कुठून आला?"

"गवतात असतो एखादा."

"आणि पायात? पायानेही गवत खाल्लं का तिने?"

"नुअला, काटा टोचलाय म्हटलं ना एकदा."

त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं. मग विजेरी विझवली आणि अंधारात उभा राहिला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

दोन आठवडे रेडिओवर रोज तेच चाललं होतं. समुद्रापलीकडे लाळ्या-खुरकूत आलीय, अजून आपल्याकडे नाही, पण जपा. आमच्या बॅलीकोरा गावात त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. "ते" म्हणतात. "ते अजून लांब आहे." "ते समुद्र ओलांडत नाही." त्याचं नुसतं नाव घेतल्याने काय होतं, हे आमच्या घराइतकं कुणाला माहीत असणार?

चोवीस वर्षांपूर्वी माझे सासरे, ओवेन, यांना आपल्या दोन गाई लंगडताना दिसल्या. सरळ माणूस. त्यांनी स्वतः फोन उचलला आणि सरकारी कचेरीत कळवलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं आली. आमच्या चौऱ्याहत्तर गाई मारल्या, आणि खबरदारी म्हणून कुंपणाला कुंपण असलेल्या पाच घरांच्याही मारल्या. फेलिम तेव्हा वीस वर्षांचा होता. गाई अनोळखी माणसांना बुजतात म्हणून त्याला प्रत्येकीचा दोर धरून उभं केलं होतं. धूर आठवडाभर दरीतून हलला नाही. आणि दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला, की रोग नव्हताच. नुसतेच खूर दुखत होते.

त्यानंतर माझ्या सासऱ्यांना गावात नाव पडलं, फोनवाला ओवेन. चर्चमध्ये ते बसत त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. तीन वर्षं हे चाललं. मग त्या वेळच्या फादरांनी एक शक्कल लढवली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावात सजवलेल्या ट्रॅक्टरांची मिरवणूक निघते, तिच्यात सगळ्यात शेवटी गव्हाणीचा ट्रेलर असतो, बाळ येशू, मेरी, जोसेफ, मेंढ्या, सगळं. फादरांनी सगळ्यांसमोर ओवेनकडे गव्हाणीसाठी गवत मागितलं. आमच्या वरच्या कुरणाचं गवत पंचक्रोशीत चांगलं, ते शत्रूही कबूल करतात. ओवेनने गवत दिलं. चौकात मिरवणूक संपली तेव्हा एका म्हातारीने त्यातलं मूठभर उचललं आणि म्हणाली, सकाळी माझ्या गाईला घालते. मग दुसऱ्याने घेतलं. लाजेने घेतलं असेल, पण घेतलं. पुढच्या वर्षी रांग लागली.

आता ती रीतच झालीय. फादर पाणी शिंपडतात, घरटी एकजण पुढे येतो, मूठभर गवत नेतो. नाताळच्या सकाळी घरातल्या कुणाच्या तोंडात घास जाण्याआधी ते गवत गोठ्यात जातं. ज्यांनी वर्षभर चर्चचं तोंड पाहिलेलं नसतं तेही नेतात. सासरे गेले, त्यांना खांदा द्यायला अख्खं गाव आलं, ते त्या गवताने.

म्हणून ते आम्हाला कधी वैरण वाटलंच नाही. आमची चूक झाली ती इथे. फेलिमने चाकं धुतली, बूट सोड्यात बुडवले, अंगातले कपडे उकळायला टाकले, माझ्याकडूनही हात दोनदा धुऊन घेतले. गवताचा ट्रेलर आम्ही आदल्या संध्याकाळीच भरून शेडमध्ये लावला होता. मॉडच्या पुढ्यात. रात्रभर. त्या ट्रेलरकडे आम्ही दोघांनीही गवत म्हणून पाहिलं नाही. ते गव्हाणीचं होतं.

दुपारी फेलिम म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ दे. परवा डॉक्टरबाईंना बोलावतो."

"आणि खरंच काटा नसला तर?"

"मागच्या वेळी काय होतं? सांग ना. काय होतं मागच्या वेळी?"

स्टोव्हवर हॅम रटरटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तो काटाच हवा होता. बासष्ट गाई आहेत आमच्या. ओवेन गेल्यावर फेलिमने दोन कालवडींपासून उभा केलेला कळप, प्रत्येकीची आई, आजी, पणजी तो तोंडपाठ सांगतो. मी मनात म्हटलं, एक दिवस. एका दिवसात काय होतंय. हे मी म्हटलं होतं, हे मी लपवणार नाही.

चार वाजता आम्ही गिरणीच्या आवारात पोचलो. उजेड मावळत होता, ओलसर धुकं होतं. एकेचाळीस ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि सगळ्यांचे दिवे एकामागून एक लागत होते. कुणी शेणखताच्या टाकीला पांढरा कापूस लावून पुडिंग केलं होतं, वर लाल चेंडूची चेरी. कुणी गवताच्या गोल गाठोड्यांचे बर्फाचे बाहुले केले होते. एकाने तर ट्रॅक्टरला जोडलेल्या खोऱ्याच्या लोखंडी हातावर आपल्या सासूला परी करून बसवलं होतं, आणि ती वरून सगळ्यांना शिव्या देत होती. फाटकापाशी जंतुनाशकात भिजवलेला पेंढा अंथरला होता, रेडिओवर सांगितलं होतं म्हणून. प्रत्येक ट्रॅक्टर त्यावरून गेला की पोरं टाळ्या वाजवत.

मिरवणुकीचा म्होरक्या कोल्म, आमचा शेजारी. त्याचं आणि आमचं कुंपण एक. हातात कर्णा घेऊन तो सारखा बडबडत होता.

"आणि हे आले आपले फेलिमराव!" तो कर्ण्यातून ओरडला. "अरे ए, ट्रॅक्टर धुतलायस की त्याचा बाप्तिस्मा केलायस? चाकात तोंड दिसतंय माझं!"

"तुझं दिसत असेल तर पुन्हा धुवायला हवा," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले.

फेलिमही हसला. त्याचे हात सोड्याने लालभडक झाले होते, ते त्याने खिशात घातले.

"दुपारी तू आलास म्हणून वाचलो बाबा," कोल्म कर्णा खाली करून म्हणाला. "गोठ्यात पडलेली ती दिव्यांची तार सापडली नसती तर माझे दिवे लागलेच नसते."

मी फेलिमकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. दुपारी एक तास तो कुठेतरी गेला होता, मला वाटलं गिरणीत गेला असेल. तो कोल्मच्या गोठ्यात गेला होता. बूट धुऊन गेला असेल, हे मी स्वतःला सांगितलं.

मी ट्रेलरवर चढले. दरवर्षी मी तिथेच असते, पोरांना सांभाळायला आणि शेवटी गवत वाटायला. जिवंत जनावर यंदा नको असं समितीने ठरवलं होतं, म्हणून फळीची गाय उभी केली होती. मेरी झाली होती कोल्मची कीवा, दहा वर्षांची. निळा पदर, त्याखाली जाड जाकीट, आणि मांडीवर बाहुला. तिच्या भोवती चार मेंढपाळ आणि एक राजा, ज्याचा मुकुट कानावर घसरत होता. सगळी शेतकऱ्यांची पोरं. सगळ्यांच्या घरी गोठे.

साडेचारला घंटा झाली आणि एकेचाळीस इंजिनं एकदम धडधडली. रांग हलली. वाटेवरच्या प्रत्येक घराच्या खिडकीत मेणबत्ती होती, दारात माणसं होती, कुणाच्या हातात गरम वाइन, कुणाच्या कडेवर पोर. आम्ही शेवटचे असतो म्हणून आमच्यासाठी लोक थांबतात. आधीचे ट्रॅक्टर गेले की हसतात, आमचा ट्रेलर आला की टोप्या काढतात. मी हात हलवत होते. माझा हात मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

"नुअला मावशी," कीवा म्हणाली, "हे गवत चिकट आहे."

"ओलं झालं असेल गं धुक्याने."

"ओलं नाही. चिकट आहे. बघा."

तिने हात पुढे केला. तिच्या निळ्या हातमोज्याच्या बोटांना गवताच्या काड्या चिकटल्या होत्या आणि मधे पातळ, चमकणारी तार लांबत होती. मी ट्रेलरच्या त्या कडेकडे पाहिलं. गवत तिथे विस्कटलेलं होतं, मुठीएवढे गोळे झालेले, अर्धवट चावून टाकलेले. मॉडने रात्रभर मान लांब करून खाण्याचा प्रयत्न केला होता. गिळता येत नव्हतं म्हणून चघळून, लाळ गाळून, परत टाकलं होतं.

मी फळीच्या गाईला धरलं.

नेमका तेव्हाच पॅकीचा दरवाजा आला. पॅकी ब्याऐंशी वर्षांचा, चौकापर्यंत चालवत नाही, म्हणून त्याची मूठ त्याला फाटकातच मिळते. त्याच्या तीन गाई आहेत, बायको गेल्यापासून त्यांच्याशीच बोलतो. तो फाटकाला टेकून उभा होता आणि ट्रेलर जवळ येताच त्याने सवयीने हात घालून स्वतःच मूठ उचलली.

"देव भलं करो तुमचं, नुअला. ओवेनची आठवण होते बघ दर वर्षी."

मी ट्रेलरवरून उडी मारली. गुडघा फुटला, ते नंतर कळलं. मी त्याच्या हातातून गवत ओढलं. तो सोडेना, त्याला कळेना. मी त्याची बोटं उलगडली, एकेक करून, म्हाताऱ्या माणसाची वाकडी बोटं.

"अगं, अगं, काय केलं मी?" तो म्हणाला. "फादरांचं पाणी पडायचंय का अजून? मला दरवर्षी देतेस की तू."

"हात धुवा, पॅकी. आत्ता, सोड्याने. आणि आज गोठ्यात जाऊ नका. मी फोन करेपर्यंत अजिबात जाऊ नका."

"आज? आज कसं नाही जायचं?"

रस्त्यापलीकडे काहीजण हसले. कुणीतरी म्हणालं, "नुअलाला आज लवकरच चढलेली दिसतेय." मी धावत ट्रेलर गाठला, कीवाने मला हात दिला, आणि तो हात मी घेतला नाही. तिचा चेहरा पडला. ते मला अजून सलतं.

पॅकीची ती गवताची मूठ अजून माझ्या हातात होती. मी ती कोटाच्या खिशात कोंबली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. पुढे केबिनमध्ये दिवा लागलेला दिसला.

"काय झालं? उतरलीस कशाला?" फेलिम म्हणाला.

"गवत. फेलिम, गवत मॉडने चघळलंय. रात्रभर. सगळ्या कडेला लाळ आहे."

ट्रॅक्टरचा वेग थोडा कमी झाला, मग पुन्हा वाढला.

"ऐकतोयस ना?"

"वाटू नकोस. भिजलंय म्हण. बुरशी आलीय म्हण. घरी नेऊन जाळू."

"पोरांच्या हाताला लागलंय. कपड्यांना लागलंय. ही पोरं घरी जाऊन गोठ्यातच जातील, आईबाप तिथेच असणार."

"मग त्यांना हात धुवायला लाव."

"आणि तू? कोल्मच्या गोठ्यात कशाला गेलास?"

"त्याने बोलावलं. काय सांगू? नाही येत म्हणून?" त्याचा आवाज चिरकला. "बूट धुतले होते मी, नुअला. दोनदा धुतले होते."

"मॉडचं तोंड बघितल्यावर तुला काय दिसलं? खरं सांग. आता तरी सांग."

आम्ही पुलावर आलो होतो. पुलापलीकडे चढ, मग शाळा, मग चौक. फार तर पंधरा मिनिटं.

"जिभेची साल निघून हातात आली माझ्या," तो म्हणाला. "आणि मॉडच नाही. दुपारी आणखी चौघी होत्या."

मी डोळे मिटले. चौघी. आणि मी घरात हॅम शिजवत होते.

"फेलिम, सांगायला हवं."

"बाबांनी सांगितलं होतं. काय झालं त्यांचं, तू नाही पाहिलंस. मी पाहिलंय. मी दोर धरले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, नुअला, मी त्यांना धरून ठेवलं होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मग हा कागद येतो, की काही नव्हतंच."

"ह्या वेळी आहे."

"म्हणजे ह्या वेळी बासष्ट. आणि कोल्मच्या. आणि पॅकीच्या. आणि वर शाळेपर्यंत सगळ्यांच्या. आणि गावाला सांगणारा कोण? फोनवाल्याचा मुलगा."

मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी आले की मी वाईट बोलते. मी म्हटलं, "चौकात पोचेपर्यंत वेळ आहे तुला. तू सांग, नाहीतर मी सांगते. फादरांनी पाण्याला हात घालायच्या आधी."

त्याने फोन बंद केला.

मी पोरांना ट्रेलरच्या मधोमध ओढलं, गवतापासून दूर. "कुणी कशाला हात लावायचा नाही," म्हटलं. "तोंडाला नाही, कपड्याला नाही." राजा रडायला लागला, त्याला वाटलं त्याने काहीतरी मोडलं. मी त्याला जवळ घेऊ शकत नव्हते. वाटेत सगळ्या खिडक्यांत मेणबत्त्या होत्या. लोक टोप्या काढत होते. मी त्यांच्याकडे बघून मोजत होते, हे दोनशे मेंढ्या, हे चाळीस गाई, हे नुसतं एक घोडं आणि डुकरं. डुकरांना तर ते फार लवकर लागतं.

चौकात ट्रॅक्टर गोल करून उभे केले जातात, मधे जागा सोडून, आणि आमचा ट्रेलर त्या मधल्या जागेत. इंजिनं चालूच असतात, दिवे त्यांच्यावर असतात म्हणून. सगळीकडे लाल, हिरवा, पिवळा उजेड लुकलुकत होता. फादर मॅलकी पायऱ्यांवर उभे होते, गळ्यात जांभळा पट्टा, हातात पितळेची बादली. माणसं पुढे सरकायला लागली. रांग आपोआप लागली, पहिल्या नंबरला नेहमीप्रमाणे बायका, पिशव्या घेऊन.

मी केबिनकडे पाहिलं. फेलिम उतरला नव्हता. काचेवर रंगीत उजेड पडत होता, त्यामागे त्याचा चेहरा दिसत नव्हता.

मी हात पसरून गवतासमोर उभी राहिले. "मागे व्हा," म्हटलं. "कुणी घेऊ नका."

लोक हसले. त्यांना वाटलं यंदा काहीतरी नाटक बसवलंय.

"नुअलाला भाषण करायचंय!" कोल्म ओरडला. तो आनंदात होता, त्याची मिरवणूक यंदा सगळ्यात चांगली झाली होती. पुढे येऊन त्याने कर्णा माझ्या हातात दिला. "बोल गं बाई, बोल. दोन मिनिटं. फादरांचं पाणी गोठतंय."

कर्णा मी तोंडाशी नेला. चारशे माणसं माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत होती आणि मला एक शब्द फुटेना. एवढी तोंडाळ म्हणून गावात माझी ख्याती, आणि एक शब्द फुटेना.

केबिनचं दार उघडलं. फेलिम उतरला, ट्रेलरपाशी आला. मला वाटलं तो मला खाली ओढणार, मी मागे सरले. त्याने हात वर केला, सोड्याने सोललेला, आणि माझ्या हातातून कर्णा घेतला. अलगद घेतला.

"आमच्याकडे आहे," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. कशाबद्दल ते कुणीही विचारलं नाही.

"सकाळपासून माहीत होतं मला. नुअलाला नाही, मी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. गवताला लागलंय. कुणी घरी जाऊ नका. पोरांना घेऊन कुणी घरी जाऊ नका."

नुअलाला नाही, हे खोटं होतं. मी तोंड उघडलं, त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी ते मिटलं. ह्या एका गोष्टीची मला त्या संध्याकाळच्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

पहिलं इंजिन कुणी बंद केलं माहीत नाही. मग दुसरं बंद झालं. त्या पुडिंगवरचे दिवे गेले, बर्फाच्या बाहुल्यांवरचे गेले. लोखंडी हातावरची सासू अंधारात म्हणाली, "मला खाली घ्या कुणीतरी," आणि तिच्याकडे कुणी गेलं नाही. थोड्याच वेळात चौकात फक्त चर्चच्या दारावरचा दिवा उरला.

कोल्म ट्रेलरपाशी आला. कीवा त्याच्याकडे झेपावली, त्याने दोन्ही हात पुढे केले आणि तसेच थांबवले. तिला घ्यावं की नाही हे त्याला ठरवता येईना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हिच्या हाताला लागलंय?"

"हातमोज्यांना," मी म्हटलं.

त्याने तिचे हातमोजे टोकाला धरून ओढून काढले आणि गवतावर टाकले. मग फेलिमकडे वळला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दुपारी तू माझ्या गोठ्यात होतास."

"हो."

"एक तास."

"हो."

"माझी ती तार शोधत होतास," कोल्म म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हळू होता, की मला तो ओठांवरून वाचावा लागला. "माझ्या कालवडींच्या अंगावरून हात फिरवलास. चांगल्या झाल्यात म्हणालास."

फेलिमने मान हलवली. कोल्म आपल्या मुलीला घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसला, तिचे उघडे हात आपल्या हातात न घेता.

फादर मॅलकींनी चर्चमधून फोन केला. सरकारी माणूस सुट्टीवर होता, त्याच्या वरचाही होता, तिसरा भेटला. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, कुणी चौकातून हलायचं नाही, माणसं निघालीत, दोन तास लागतील, जास्तही लागतील. पॅकीलाही त्यांनी फोन केला. तो हात धुऊन स्वयंपाकघरात बसून होता, विचारत होता, की आता गाईंना काय सांगू. मग फादर बादली पायरीवर ठेवून आमच्यापाशी येऊन उभे राहिले. दुसरं कुणी आलं नाही. आमच्या भोवती वीस पावलांचं रिंगण आपोआप मोकळं झालं होतं.

फेलिम ट्रेलरच्या कडेला बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले. मी त्याचा हात धरला तर त्याने धरू दिला.

सहा वाजले. मिरवणुकीच्या दिवशी सगळेच धारा उशिरा काढतात, पण सहाच्या पुढे गाई ऐकत नाहीत. कास ताठली की त्या हाका मारतात. पहिली हाक नदीपलीकडून आली. मग शाळेच्या वरून, मग कोल्मच्या गोठ्यातून, मग चारी बाजूंनी. धुक्यात आवाज लांबवर जातो. चारशे माणसं अंधारात उभी राहून ऐकत होती. एक बाई रडत रडत म्हणाली, "ती आमची डेझी." प्रत्येकाला आपापली ओळखू येत होती आणि कुणालाही जाता येत नव्हतं.

फेलिमने मान वर केली. तो चर्चच्या मागच्या टेकडीकडे बघत होता. चौकापासून सगळ्यात जवळचा गोठा आमचा, दिवसा इथून आमच्या शेडचं छप्पर दिसतं. दर रविवारी प्रार्थना लांबली की आमच्या गाई आत ऐकू येतात आणि लोक हसतात. बासष्ट गाई, सकाळी सहानंतर धार काढलेली नाही.

तो ऐकत राहिला. मीही ऐकत राहिले. सगळीकडून हाका येत होत्या. सोललेल्या तोंडाची गाय हाक मारत नाही. टेकडीवरून एकही आली नाही.